पडदा अचानक काळा का होतो?

संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी हल्ली ‘ओव्हरक्लॉकिंग’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा ग्राफिक्स कार्ड अधिक वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्यासाठी कार्ड उघडावे लागत नाही की कुठे डाग द्यावा लागत नाही. ‘आफ्टरबर्नर’सारखा फुकट मिळणारा एखादा प्रोग्राम घ्यायचा आणि त्यातली एक पट्टी उजवीकडे सरकवायची, की काम झाले. खेळातील चित्रे अधिक सफाईने हलू लागतात. काही दिवस मजेत जातात. मग एके दिवशी ऐन रंगात आलेल्या खेळात पडदा काळा होतो. दोन-चार सेकंदांनी तो पुन्हा उजळतो, पण खेळ बंद पडलेला असतो. पूर्वीच्या विंडोजमध्ये अशा वेळी कोपऱ्यात एक सूचना येत असे, की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते व तो आता पूर्ववत झाला आहे. नव्या विंडोजमध्ये सूचना बहुधा दिसत नाही, पण ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाच्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते.

सूचनेत ड्रायव्हरचे नाव आहे, तेव्हा दोष ड्रायव्हरचाच, असा निवाडा लगेच दिला जातो. मग ड्रायव्हर काढून पुन्हा घातला जातो. तरीही भागले नाही, तर सबंध विंडोज नव्याने घातली जाते. शेवटी कंटाळून कार्ड अर्ध्या किमतीत विकून टाकण्यापर्यंत मजल जाते. आपल्या नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या किंवा नोकरदाराच्या घरात वीस-तीस हजारांचे कार्ड ही काही किरकोळ वस्तू नव्हे. तेव्हा हा निवाडा बरोबर आहे की नाही, हे नीट तपासून पाहणे आपल्या हिताचे आहे.

दुभाषा आणि पहारेकरी

ड्रायव्हर हा दुभाषा आहे. खेळाला म्हणायचे असते, “येथे एक झाड काढ, त्याची सावली डावीकडे पाड.” कार्डाला ही भाषा समजत नाही. त्याला हवे असतात ते आकडे, पत्ते आणि आज्ञा. खेळाची भाषा कार्डाच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. (जीफोर्स कार्डे काढणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे एक केंद्र पुण्यातही आहे.)

दुभाष्याने निरोप पोहोचवला, पण पलीकडून उत्तरच आले नाही तर? पूर्वी अशा वेळी सगळा संगणक गोठून जाई आणि बटण दाबून बंद करण्यावाचून गत्यंतर नसे. सन २००७ च्या सुमारास आलेल्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने येथे एक पहारेकरी बसवला. कार्डाला दिलेले काम दोन सेकंदांत पुरे झाले नाही किंवा थांबवता आले नाही, तर कार्ड अडकले असे हा पहारेकरी समजतो. तो कार्डाला नव्याने सुरू करतो आणि ड्रायव्हरलाही पुन्हा उभा करतो. पडदा काळा होतो तो याच क्षणी. एका मिनिटात पाचाहून अधिक वेळा असे घडले, किंवा कार्ड पुन्हा सुरूच झाले नाही, तर मात्र निळा पडदा येतो आणि सगळा संगणक थांबतो.

दोन सेकंद आपल्याला थोडे वाटतात, पण कार्डाच्या दृष्टीने हा मोठा काळ आहे. सेकंदाला ६० चित्रे काढणारे कार्ड तेवढ्या वेळात १२० चित्रे काढून मोकळे होते. इतका वेळ जे गप्प राहिले, ते बहुधा कायमचेच गप्प झालेले असते. ही दोन सेकंदांची मुदत वाढवून आठ किंवा दहा करण्याची युक्ती पुष्कळजण एकमेकांना सांगतात. खरोखरच लांबलचक गणिते कार्डावर करणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. खेळणाऱ्याच्या बाबतीत मात्र तिचा अर्थ एवढाच, की आता पडदा दोनऐवजी दहा सेकंद गोठून राहील.

तेव्हा ती ४१०१ ची नोंद म्हणजे पहारेकऱ्याची शिट्टी आहे. चोरी झाली एवढेच ती सांगते, चोर कोण ते सांगत नाही. अर्थात दुभाषा नेहमीच निर्दोष असतो असेही नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर कंपनीला मागे घ्यावा लागला होता. त्यात पंख्याच्या गतीवरील नियंत्रण बिघडत असे व कार्डे तापत. पण पट्टी सरकवल्यानंतर सुरू झालेला बिघाड असेल, तर संशयाची सुई आधी पट्टीकडेच वळली पाहिजे.

घमेल्यांची रांग

कार्ड गप्प का होते, हे समजण्यासाठी स्लॅब टाकण्याचे काम डोळ्यांसमोर आणा. खालपासून वरपर्यंत माणसांची रांग उभी आहे आणि काँक्रीटची घमेली हातोहात वर जात आहेत. मुकादम ठेक्याने शिट्टी वाजवतो. प्रत्येक शिट्टीला प्रत्येकाने हातातले घमेले पुढच्याला द्यायचे आणि मागच्याकडून नवे घ्यायचे. मुकादमाने ठेका वाढवला की काम वेगाने होते. पण किती वाढवता येईल? रांगेतल्या सर्वांत संथ माणसाला जमेल तितकाच. त्याच्या हातात घमेले नीट येण्यापूर्वीच पुढची शिट्टी झाली, तर तो रिकामेच हात पुढे करील.

ग्राफिक्स कार्डाच्या चिपमध्ये नेमके हेच चालते. सन २०२१ मध्ये आलेल्या जीफोर्स आरटीएक्स ३०६० या कार्डाचे उदाहरण घेऊ. त्याच्या चिपमध्ये सुमारे १,२०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि हिशेब करणारे ३,५८४ लहान गाभे आहेत. कंपनीने जाहीर केलेला त्याचा चढता वेग आहे १,७७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १७७ कोटी ७० लाख शिट्ट्या! दोन शिट्ट्यांमधला वेळ किती, ते तुम्हीच भागाकार करून पाहा. तो येतो ०.५६ नॅनोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या निम्म्याहून किंचित अधिक. तेवढ्या वेळात निर्वात पोकळीतील प्रकाशसुद्धा जेमतेम १७ सेंटिमीटर जातो. तुमच्या कंपासपेटीतील पट्टीपेक्षा हे अंतर फारसे मोठे नाही. इतक्या अवधीत विद्युत्संकेताने एकामागोमाग एक अशा अनेक ट्रान्झिस्टरांमधून वाट काढायची असते आणि पुढच्या शिट्टीच्या आत मुक्कामाला पोहोचून स्थिर व्हायचे असते.

आता पट्टी सरकवून आपण वेग १० टक्क्यांनी वाढवला असे समजा. अवधी ०.५६ वरून ०.५१ नॅनोसेकंद झाला. चिपमधील बहुतेक वाटा आखूड असतात, त्यांना काहीच फरक पडत नाही. जी वाट सर्वांत लांब किंवा सर्वांत संथ आहे, तेथला संकेत मात्र उशिरा पोहोचतो. जेथे १ यायचा तेथे ० वाचला जातो. हा चुकलेला अंक एखाद्या ठिपक्याच्या रंगाचा असेल, तर पडद्यावर एक ठिपका चुकीच्या रंगाचा दिसतो आणि पुढच्या चित्रात नाहीसाही होतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. पण तोच अंक आज्ञेचा किंवा पत्त्याचा असेल, तर? चिपचा एखादा भाग कधीही न येणाऱ्या माहितीची वाट पाहत बसतो. त्याच्यासाठी बाकीचे खोळंबतात. दोन सेकंद उलटतात आणि पहारेकरी शिट्टी फुंकतो.

मग कंपनीनेच वेग इतका कमी का ठेवला, असे तुम्ही विचाराल. कारण एकाच साच्यातून निघालेल्या चिपा तंतोतंत सारख्या नसतात. काही अंगच्याच चपळ निघतात, काही संथ. कंपनीला लाखो कार्डांची हमी द्यायची असते. ती उन्हाळ्यात चालली पाहिजेत, जुनी झाल्यावरही चालली पाहिजेत. म्हणून ती थोडी जागा राखून वेग ठरवते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही राखीव जागा वापरतो. मित्राचे कार्ड १५० मेगाहर्ट्झने वाढवून चालते म्हणून आपलेही चालेलच असे म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही. मित्राच्या मापाच्या चपला आपल्या पायाला बसतीलच असे नाही.

दाब वाढवला की काय होते?

संथ ट्रान्झिस्टरला चपळ करण्याचा एक उपाय आहे. त्याला मिळणारा विद्युत्दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवायचे. दाब अधिक असला की ट्रान्झिस्टर लवकर उघडझाप करतो. ओव्हरक्लॉकिंगच्या प्रोग्रामात यासाठी दुसरी पट्टी असते, आणि खरी गुंतागुंत येथेच सुरू होते.

चिपमध्ये खर्च होणाऱ्या शक्तीचा मोठा भाग दोन गोष्टींवर ठरतो. तो वारंवारतेच्या सम प्रमाणात असतो आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असतो. वारंवारता १० टक्के वाढवली आणि दाबही १० टक्के वाढवला, तर शक्ती किती वाढेल? १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३ पट. वेग दहा टक्क्यांनी वाढला आणि उष्णता तेहतीस टक्क्यांनी! सौदा महागातच पडला म्हणायचा. आपल्या उदाहरणातील कार्डाची ठरलेली शक्ती १७० वॅट आहे. सोयीसाठी ती सगळी चिपच घेते असे धरले, तर आकडा २२६ वॅटवर जातो. प्रत्यक्षात कार्डावर शक्तीची मर्यादा घातलेली असते आणि ती इतकी वाढ होऊ देत नाही. पण ती मर्यादाही थोडी वर सरकवता येते आणि उत्साही मंडळी ती आधी सरकवतात. तेव्हा आपला हिशेब दिशा दाखवण्यापुरता खरा समजावा.

ओहमचा नियम तुम्ही शिकला आहात. तो येथे अगदी चपखल लागू पडतो. चिपला मिळणारा दाब सुमारे १ व्होल्ट असतो. ती १२० वॅट घेत असेल, तर प्रवाह किती? १२० ॲम्पिअर! घरातल्या जाड पिनांच्या मोठ्या प्लगची क्षमता १५-१६ ॲम्पिअर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. आता या प्रवाहाच्या वाटेत कोठेतरी एका ओहमचा हजारावा भाग इतका क्षुल्लक रोध आहे असे धरा. १२० गुणिले ०.००१ म्हणजे ०.१२ व्होल्ट तेथेच गळाला. एक व्होल्टमधले बारा टक्के गेले! खेळात अचानक स्फोट होतो, धूर उसळतो, कार्डावरचे काम क्षणार्धात वाढते, प्रवाह उसळी घेतो आणि चिपपर्यंत पोहोचणारा दाब तेवढ्यापुरता खाली येतो. नेमक्या त्याच क्षणी ट्रान्झिस्टर मंदावतात. तासभर सुरळीत चाललेला खेळ एखाद्या स्फोटाच्या दृश्यालाच बंद का पडतो, याचे कारण पुष्कळदा हे असते.

याच्या उलटही एक प्रकार आहे आणि तो अधिक चकवणारा आहे. आजची कार्डे आपला वेग स्वतःच कमी-जास्त करतात. काम हलके असेल, कार्ड थंड असेल, तर ते सर्वांत वरच्या वेगावर जाते. आपण पट्टीने घातलेली वाढ त्या वरच्या वेगावरही चढते. त्यामुळे कधी कधी जड दृश्यात टिकलेले कार्ड खेळाच्या साध्या मुखपृष्ठावर, काहीच चाललेले नसताना, मान टाकते. अशा वेळी ‘इतक्या हलक्या कामाने बंद पडले, म्हणजे दोष वेगाचा नाही’ असा तर्क करणारा फसतो.

जानेवारीत पास, मे महिन्यात नापास

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. राहुरीजवळच्या एखाद्या गावातील विद्यार्थी कल्पा. वरच्या मजल्यावर पत्र्याच्या छपराची त्याची खोली आहे. जानेवारीच्या रात्री त्याने कार्डाचा वेग वाढवला. पाच तास खेळला, सर्व काही ठीक. त्याने ते आकडे कायम केले. फेब्रुवारीतही तक्रार नव्हती. एप्रिल उजाडला आणि पडदा काळा होऊ लागला. मे महिन्यात तर दुपारी अर्धा तासही खेळता येईना. मधल्या काळात ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली होती, म्हणून सगळा राग तिच्यावर.

हिशेब मांडून पाहू. उष्णतेच्या बाबतीत एक सोपा नियम बऱ्याच अंशी खरा ठरतो. पंख्याची गती तीच असेल, तर चिप भोवतालच्या हवेपेक्षा किती अंश अधिक तापेल हे तिच्या शक्तीच्या सम प्रमाणात असते. समजा, १७० वॅटला ती हवेपेक्षा ४० अंश अधिक तापते. जानेवारीच्या रात्री खोलीत १५ अंश सेल्सिअस तापमान असेल, तर चिप ५५ अंशांवर राहील. वेग आणि दाब वाढवून शक्ती २२६ वॅट केली, की ४० ऐवजी ५३ अंश. चिपचे तापमान ६८. काहीच चिंता नाही. आता मे महिन्याची दुपार घ्या. पत्र्याखाली ४० अंश धरले तर ते कमीच म्हणावे लागेल. मूळ वेगावर चिप ८० अंशांवर जाईल. वाढवलेल्या वेगावर ती ९३ वर पोहोचेल. या कार्डासाठी कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादाही ९३ अंशच आहे!

मर्यादा गाठल्यावर कार्ड लगेच बंद पडते असे नाही. ते स्वतःहून वेग कमी करू लागते. पडदा काळा होतो तो बहुधा त्याआधीच, कारण उष्णतेने ती राखीव जागा खाऊन टाकलेली असते. चिपमधील तारा तांब्याच्या असतात आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. ६८ वरून ९३ म्हणजे २५ अंश, म्हणजे जवळजवळ दहा टक्के वाढ. ट्रान्झिस्टरही सर्वसाधारणपणे तापल्यावर मंदावतात. जानेवारीत जो संकेत कसाबसा वेळेत पोहोचत होता, तो मे महिन्यात उशिरा पोहोचतो. शिट्टी मात्र तितक्याच वेगाने वाजत असते.

नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. येथली हवा त्याच तापमानाच्या मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी विरळ असते. विरळ हवा उष्णता थोडी कमी वाहून नेते. पण हा परिणाम खोलीतल्या पंचवीस अंशांच्या फरकापुढे अगदीच लहान आहे. खरा शत्रू आहे तो धूळ. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा सुटला की खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवून नाव लिहिता येते. तीच धूळ कार्डाच्या पात्यांमध्ये गादीसारखी बसते.

शोध कसा घ्यावा?

या विद्यार्थ्याने काय करावे? सर्वप्रथम दोन्ही पट्ट्या मूळ जागी आणाव्यात आणि त्याच खोलीत, त्याच दुपारी, तोच खेळ खेळावा. ही पायरी जवळजवळ प्रत्येकजण गाळतो, कारण वाढवलेला वेग सोडवत नाही. पण उत्तराचा अर्धा भाग येथेच मिळतो. मूळ वेगावर पडदा काळा होत नसेल, तर ड्रायव्हर निर्दोष सुटला. मूळ वेगावरही होत असेल, तर ओव्हरक्लॉकिंग निर्दोष सुटले. मग धूळ, कार्डाला वीज देणारी केबल नीट बसली आहे की नाही, आणि त्यानंतर ड्रायव्हर, या क्रमाने पाहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे एका वेळी एकच बदल. कार्डात दोन घड्याळे असतात असे समजा, एक चिपचे आणि एक मेमरीचे. बहुतेकजण दोन्हींचा वेग एकदमच वाढवतात. मग बंद पडल्यावर कोणामुळे ते कळत नाही. दोन अज्ञात राशी आणि समीकरण एकच, तेव्हा उत्तर निघायचे कसे? मेमरी मूळ वेगावर ठेवून चिपचा वेग १५-१५ मेगाहर्ट्झने वाढवत न्यावा. प्रत्येक पायरीला अर्धा तास द्यावा. वहीत खोलीचे तापमान, चिपचे तापमान, वेग आणि काय झाले, हे लिहावे. मग चिप मूळ वेगावर आणून मेमरीची पाळी. आणि हे सगळे दुपारी करावे. रात्रीच्या गारव्यात पास झालेल्या परीक्षेला मे महिन्यात कोणी विचारत नाही.

मेमरीचे एक वैशिष्ट्य सांगण्यासारखे आहे. काही प्रकारच्या मेमरीत माहिती वाटेत बिघडली आहे का, हे तपासण्याची सोय असते. बिघडलेली आढळली तर ती पुन्हा मागवली जाते. त्यामुळे मेमरीचा वेग फार वाढवला तर पडदा काळा होण्याऐवजी खेळच हळू होऊ लागतो. पुन्हा पुन्हा निरोप मागवण्यातच वेळ जातो. वेग वाढवला आणि गती घटली, असे दिसले की मागे फिरावे. तपासणी नसेल किंवा ती अपुरी पडली, तर पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी चमकू लागतात. ठिपके दिसले की आधी मेमरीवर संशय घ्यावा. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

पडदा काळा न होता सगळा संगणकच फटकन बंद झाला, तर मात्र गोष्ट निराळी. तेथे पहारेकऱ्याला शिट्टी वाजवायलाही वेळ मिळालेला नसतो. नोंदवहीत ४१०१ ऐवजी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद असते आणि ती विजेकडे बोट दाखवते. आपल्याकडे घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो. ६०० हा आकडा पाहून तो ६०० वॅट देतो असा समज होतो. बहुतेक अशा यूपीएसची खरी क्षमता ३६० वॅटच असते. कार्डाचे १७०, प्रोसेसरचे शंभरएक, पडद्याचे तीस, बाकीचे पन्नास मिळवा. आकडा ३५० वर गेला. वर ओव्हरक्लॉकिंग केले की तो मर्यादा ओलांडतो. वीज असते तोवर काही कळत नाही. वीज गेली की यूपीएसवर सगळा भार येतो आणि तोही त्याच क्षणी मान टाकतो. लाईट गेल्यावरच संगणक बंद पडत असेल, तर ड्रायव्हर बदलून काय होणार?

न कळलेली चूक

शेजारच्या पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी काहींनी ती पाहिलीही असेल. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. प्रत्येक अँटेनाचा संकेत दुसऱ्या प्रत्येकाच्या संकेताशी ताडून पाहायचा, म्हणजे ४३५ जोड्या होतात. दुर्बिणीच्या अलीकडच्या श्रेणीसुधारानंतर ४०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या रुंदीचा पट्टा एका वेळी पाहता येतो. त्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. दर अँटेनाचे दोन, असे संकेत ६०. एकूण नमुने सेकंदाला ४,८०० कोटी! हे प्रचंड गणित करण्याच्या कामी तेथे ग्राफिक्स प्रोसेसर जुंपलेले आहेत. खेळातल्या झाडांच्या सावल्या काढण्यासाठी जन्माला आलेली ही चिप आकाशगंगांचे आवाज ताडून पाहते. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगात ६३ व्या क्रमांकावर होता. त्याचाही कणा असल्याच चिपा आहेत.

अशा ठिकाणी पडदा काळा होण्याची भीती मोठी नसते. काम थांबले तर निदान कळते, पुन्हा करता येते. भीती असते ती न कळलेल्या चुकीची. १ च्या जागी ० वाचला गेला, यंत्र चालतच राहिले आणि उत्तर चुकले, तर ते सांगणार कोण? म्हणून गंभीर गणितासाठी बनवलेल्या कार्डांत चुका शोधून दुरुस्त करणारी मेमरी असते आणि वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. सन २०१३ मधली दोन कार्डे याची साक्ष देतात. एनव्हिडियाचे खेळासाठीचे जीफोर्स जीटीएक्स ७८० टीआय आणि शास्त्रीय गणितासाठीचे टेस्ला के४०, या दोन्हींत एकाच घराण्याची चिप आणि तितकेच २,८८० गाभे. खेळाचे कार्ड ८७५ मेगाहर्ट्झच्या मूळ वेगाने चाले, तर कितीतरी महाग असलेले टेस्ला ७४५ च्या मूळ वेगाने!

राहुरीच्या आपल्या विद्यार्थ्यालाही उलट्या दिशेने जाऊन पाहण्यासारखे आहे. वेग मूळचाच ठेवून दाब कमी करायचा. चिपा सारख्या नसल्यामुळे पुष्कळ कार्डांना गरजेपेक्षा थोडा अधिक दाब मिळत असतो. तो १.०५ वरून ०.९० व्होल्टवर आणता आला, तर वर्गाच्या नियमाने शक्ती सुमारे २६ टक्क्यांनी घटते. चाळीसऐवजी तीसेक अंशांची वाढ, आणि मे महिन्याच्या दुपारीही चिप सत्तरच्या आसपास. येथेही पायरीपायरीने, वही जवळ ठेवूनच जायचे, कारण दाब फार कमी केला की पहारेकरी पुन्हा हजर होतो. बारावीच्या सुट्टीत ज्यांना हा उद्योग करायचा असेल, त्यांनी दाब वाढवण्याच्या पट्टीऐवजी या पट्टीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या शाळेत किंवा घरी ग्राफिक्स कार्ड नाही, त्यांनाही उष्णतेचा नियम पडताळता येईल. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घ्या. त्यात तारेचा १५ वॅटचा दिवा बसवा. (‘झीरोचा’ म्हणून विकला जाणारा जुना तारेचा दिवाही वस्तुतः १२ ते १५ वॅट घेतो.) जोडणी शिक्षकांकडून करून घ्यावी, कारण डबा धातूचा आहे. झाकणाला भोक पाडून त्यातून तापमापी आत सोडा. तिचा फुगा दिव्याला लागता कामा नये. तापमान चढायचे थांबले की आतले व खोलीतले, दोन्ही आकडे लिहा. हा प्रयोग एकदा सकाळी सातला आणि एकदा दुपारी दोनला करा. आतले तापमान वेगळे येईल, पण दोहोंतला फरक जवळजवळ तोच येईल. मग १५ च्या जागी २५ वॅटचा दिवा लावा. नियमाप्रमाणे फरक १.६७ पट व्हायला हवा. प्रत्यक्षात तो त्याहून थोडा कमी भरतो. तो कमी का भरतो, याचा विचार करताना अधिक तापलेला डबा कोणकोणत्या वाटांनी उष्णता बाहेर टाकतो, हे लक्षात घ्या.